टोपीवरचं हरीण

दिवाळीच्या पणत्या अंगणातून उचलून झाल्या, बाजारात पेरूंचा वास सुटला आणि सकाळचं धुकं दारणेवरून उठून देवळालीच्या चिंचांमध्ये अडकायला लागलं, की माझी नजर माणसांच्या कपाळाकडं जाते. कपाळाच्या जरा वर. जिथं टोपी असते तिथं. हल्ली टोपी घालतो कोण? घातलीच तर माकडटोपी, आणि माकडटोपीला बिल्ला नसतो. तरी नजर जाते. म्हातारपणी माणसाच्या सगळ्या खोडी सुटतात म्हणतात. माझी एवढी एक सुटता सुटत नाही.

जगाला ऋतू सहा असतील. तिसाच्या सालांत आमच्या देवळालीला एकच होता, जहाजांचा. पाऊस ओसरला की मुंबईच्या बंदराला विलायतेची जहाजं लागायची ती थेट होळीपर्यंत. नवे गोरे उतरायचे, जुने गोरे चढायचे, आणि मधल्या काळात दोन्ही जातीचे गोरे देवळालीच्या छावणीत जहाजाची वाट बघत पडायचे. वाट बघून बघून त्यांतल्या काहींचं डोकं फिरायचं. मी स्वतः एक सार्जंट पाहिलाय, जो रोज सकाळी वडाच्या पारंब्यांची हजेरी घ्यायचा. एखादी गैरहजर निघाली तर अख्ख्या झाडाला शिक्षा. खोटं वाटत असेल तर झाडाला जाऊन विचारा. अजून ताठ उभं आहे.

गेल्या आठवड्यात मुंबईहून एक गृहस्थ आले. गोऱ्या पलटणींचे जुने बिल्ले जमवतात म्हणे. डोळ्याला भिंग लावून त्यांनी माझा एकेक बिल्ला उलटासुलटा पाहिला आणि प्रत्येकाचं नावगाव, कुळी, पराक्रम घडाघडा सांगितला. मला त्यातलं एकही नाव ठाऊक नव्हतं. आम्ही पलटणी ओळखायचो त्या टोपीवरच्या चित्रावरनं. हत्तीवाली, वाघवाली, किल्लेवाली, निशाण धरलेल्या कोकराची. बाईचं तोंड आणि सिंहाचं धड असलेली एक होती, ती आम्ही त्यांची ग्रामदेवता ठरवली होती. कवटी आणि हाडांचा बिल्ला आईनं घरात घेऊ दिला नाही. "गोठ्यात ठेव," म्हणाली. गोठ्यात ठेवला तर म्हैस आटली. गृहस्थ हे सगळं वहीत उतरवून घेत होते. मग भिंग बाजूला ठेवून म्हणाले, "एवढ्या जनावरांत एक हरीण कसं नाही?"

मी म्हणालो, "होतं. पळालं."

ते हसले. मीही हसलो. चांगला विनोद झाला की माणसं पुढचं विचारत नाहीत, हे मी फार लवकर शिकलो होतो.

मी त्या छावणीतला न्हावी. तेव्हा गोऱ्यांची दाढी झोपेतच करायची पद्धत होती. बिगूल वाजायच्या आत बराकीत शिरायचं, खाटांच्या रांगेतनं पुढं पुढं सरकायचं, आणि बिगूल वाजेपर्यंत चाळीस जोड्या गाल गुळगुळीत करून बाहेर पडायचं. एकदा एक गडी झोपेतच उठून चालायला लागला. मी साबणाची वाटी घेऊन त्याच्याबरोबर चाललो. छावणीला अर्धा फेरा मारून आम्ही खाटेवर परत आलो, तेव्हा त्याची दाढी पुरी झाली होती आणि माझीही थोडी झोप झाली होती.

थंडीतली दाढी ही एक वेगळीच विद्या आहे. गाल दगडासारखे होतात, पाणी वाटीत ओतेपर्यंत निवतं, वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर घासला तरी कुरकुरतो. त्या थंडीला बुटाच्या पॉलिशचा, उकडलेल्या कोबीचा आणि ओल्या लोकरीचा वास होता. लांबून बँडचा सराव ऐकू यायचा. एकच ओळ पन्नासदा वाजवायचे आणि पन्नासदा तिथंच चुकायचे. आणि खाटेच्या खुंटीवर टांगलेली टोपी. टोपीवर बिल्ला. कंदिलाच्या उजेडात तो असा काही लकाकायचा की मला पुरलेल्या धनावर बसलेला नाग आठवायचा, आणि वाटायचं, आपण काही नाग नव्हे, पण धन तर धन आहे!

चोरी मात्र मी केली नाही. मी एक समजूत पेरली. परत निघालेल्या एका गोऱ्याला सांगितलं की देवळालीच्या न्हाव्याकडं बिल्ला ठेवून गेलं की जहाज लागत नाही, ओकारी होत नाही, घर सुखरूप दिसतं. त्यानं हसत हसत दिला. पुढच्या मोसमात दहा जण आपण होऊन आले. त्याच्या पुढच्या मोसमात एक म्हातारा सुभेदारासारखा दिसणारा गोरा आला, गंभीर चेहऱ्यानं मला सांगायला लागला की ही चाल इथं दीडशे वर्षं चालत आलीय, त्याच्या आज्यानंही ठेवला होता. मी हात जोडून म्हणालो, "होय सायब, माझ्या आज्याकडंच." आपण सोडलेली थाप दाढी-मिशा फुटून आपल्याच दारात परत येते, आणि आपल्यालाच शहाणपण शिकवते, यासारखं सुख नाही. मला तेव्हा तसं वाटायचं.

न्हाव्याच्या सामानाच्या पिशवीला आम्ही धोकटी म्हणतो. माझ्या धोकटीला आतून लाल अस्तर होतं आणि त्या अस्तरावर हे सगळं रानच्या रान टाचलेलं होतं. टाचायचं आणि घासायचं काम माझ्या धाकट्या बहिणीचं. तुळसा तिचं नाव. चिंच आणि राख घेऊन ती ओसरीवर बसायची आणि हत्ती-वाघांना न्हाऊ घालायची.

"दादा, ह्या सिंहानं दात घासलं नायत कवापास्नं."

"विलायतेचा आहे तो. तिकडं रोज घासत नाहीत."

"आन माझं हरीण कवा आणशील?"

हे ती दर थंडीत विचारायची, आणि ते काही बिल्ल्यासाठी नसायचं. तिचा नवरा राघू, म्हणजे आमचे दाजी, हरीणवाल्या पलटणीबरोबर पेशावरकडं गेला होता. तोही न्हावीच. देखणा माणूस, मिशी अशी की दोन्ही टोकांवर लिंबं ठेवली तरी पडायची नाहीत. त्याला जायचं नव्हतं. मीच पाठवला. म्हणालो, "दाजी, तिकडं द्राक्ष नारळाएवढं असतं, एक घोस दोन माणसांनी उचलायचा. दोन वर्षांत सोन्याचा वस्तरा घेऊन याल." निघताना त्यानं तुळसाला सांगितलं होतं की हरणाची पलटण घरी निघाली की गाडी नाशिकरोडवरनंच जाणार, त्या गाडीतनं मी उतरणार. पहिल्या वर्षी दोन पत्रं आली. मग पत्रं लिहून देणारा मुनशी कुठं बदलून गेला. दाजींना लिहिता येत नव्हतं आणि दुसऱ्याकडनं बायकोला लिहवून घ्यायची लाज वाटायची. तिसरी थंडी आली, तरी तुळसा माहेरीच होती. धोकटीच्या अस्तरावर मधोमध तिनं हाताएवढी जागा मोकळी ठेवली होती.

पौषातली गोष्ट. स्टेशनावरचा एक हमाल पळत आला. उद्या सकाळी हरीणवाल्यांची गाडी नाशिकरोडला चहाला थांबणार. मी ती बातमी गल्लीत अशी फिरवली की जणू पलटण मीच बोलावलीय.

"नक्की हरीणच ना दादा? सांबर नाय ना?" तुळसा विचारत होती. सांबरवाले दोनदा येऊन गेले होते आणि दोन्ही वेळा तिनं उगीच लुगडं बदललं होतं.

"तुळसे, तुझ्या भावाला बिल्ल्यातलं कळत नाही असं म्हणायची छाती लाटसाहेबालासुद्धा नाही."

तिनं बेसनाचे चार लाडू वळले. दोन दाजींना, दोन त्यांच्या साहेबाला, घरी सोडल्याबद्दल. हिरवं लुगडं नेसली. ओवाळून टाकायला भाकरीचा तुकडा घेतला, पाण्याचा तांब्या घेतला, कुंकवाचा करंडा घेतला. आई आणि ती स्टेशनाच्या लोखंडी कठड्याबाहेर उभ्या राहिल्या, कारण पलटणीची गाडी असली की बायकांना फलाटावर सोडत नसत. मला छावणीचा पास होता. तुळसानं लाडवांचं फडकं माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "आधी पाणी पिऊ दे त्यांना. मग दे."

गाडी आधीच येऊन लागली होती. फलाटभर गोरे उतरले होते, पत्र्याच्या मगांतनं चहा पीत होते. आणि टोप्या! चारशे टोप्या, चारशे हरणं, उन्हात अशी चमकत होती की डोळ्यांपुढं कळपच्या कळप उधळला. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण सुटलं. मनाशी म्हटलं, आधी बिल्ला, मग दाजी. दाजी काय, ते इथं उतरणारच आहेत. बिल्ला मात्र गाडीबरोबर जाईल.

गाजरासारख्या केसांचा एक तरणाताठा गोरा हाताशी लागला. मी माझं ठेवणीतलं इंग्रजी काढलं, "सायब, गिव्ह बॅज, शिप नो सिक!" जहाजाचं नाव काढताच तो पोट धरधरून हसला. एवढं हसण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही. मी फडकं सोडून दोन लाडू त्याच्यापुढं धरले. त्यानं एक हुंगला, एक खाल्ला, दुसरा खिशात घातला आणि टोपी काढली. बिल्ल्याची मागची काडी अडकली होती. त्यानं टोपी छातीशी धरली, मान खाली घातली आणि बराच वेळ ती काडी ओढत राहिला. मग हरीण माझ्या तळहातावर ठेवलं, स्वतःच्या दोन्ही हातांनी माझी मूठ मिटली, माझ्या खांद्यावर थोपटलं. तेवढ्यात शिट्टी झाली. तो उडी मारून डब्यात चढला. "सायब, राघू? बार्बर राघू?" मी ओरडलो. वाफेत माझाच आवाज मला ऐकू आला नाही.

फलाट रिकामा झाला. दाजी नव्हते. असतील मागच्या गाडीत, असं मनात म्हणत, मूठ आवळून मी मागं वळलो. मी हसत होतो.

कठड्यावर हिरव्या काचा होत्या. तुळसा लोखंडावर मनगटं आपटत होती. एक शब्द बोलत नव्हती. ओरडत होती ती आई.

त्या कठड्यापासून काय दिसलं असेल, हे मी नंतर इतक्या वेळा तिथं उभं राहून पाहिलंय की आता मला माझं दिसत नाही, तिचंच दिसतं. आमच्या घरावरनं गोऱ्यांच्या स्मशानाची वाट जायची. शवपेटी खांद्यावर घेतलेले गोरे बोडके चालायचे, टोप्या काढून. ते तिनं लहानपणापासून पाहिलं होतं. आणि आपल्यातही तेव्हा दुसरं काय होतं? बोडक्या डोक्यानं कुणी दारात आला की बायका आधी "कोण गेलं?" विचारायच्या, मग "या" म्हणायच्या. तिनं काय पाहिलं? भावानं गोऱ्याला काही विचारलं. गोऱ्यानं टोपी काढली, छातीला लावली, मान खाली घातली. भावाच्या हातात काहीतरी बारीकसं ठेवलं, मूठ मिटली, खांद्यावर थोपटलं. यात आणखी काय सांगायचं राहतं?

मी तिच्याजवळ गेलो. मूठ उघडायची होती, तोंड उघडायचं होतं. पण माणसं जमली होती. हमालांनी पागोटी काढली होती. अशा वेळी काय सांगायचं? की बाई, त्यानं टोपी काढली ती मला पितळेचा तुकडा द्यायला? की तुझ्या नवऱ्याचे लाडू मी हरणाला घातले, आणि त्याचं नाव काढायला मला वेळच झाला नाही? घरी गेल्यावर सांगू, म्हटलं. घरी गेल्यावर म्हटलं, आई सावरू दे. मग वाटायला लागलं, कदाचित खरंच असेल. नाहीतर उतरला नसता का? मी आयुष्यभर थापा मारल्या, पण माझ्या सगळ्या थापांची आई असलेली थाप मी तोंड मिटून मारली.

देह नव्हता म्हणून रामकुंडावर दर्भाचा पुतळा केला, त्याला राघू म्हटलं आणि जाळला. त्याच्या धाकट्या भावाचं डोकं मीच भादरलं. एक ओरखडा उठला नाही. हाताला धंदा तेवढा कळतो. दहाव्या दिवशी पिंड ठेवला तर कावळा शिवेना. झाडावर दहा-बारा बसले होते, आमच्याकडं बघत होते. माणसं म्हणाली, तुळसात जीव अडकलाय, तिचं नीट बघू असं कबूल करा. कबूल केलं. तरी शिवेना. ऊन डोक्यावर आलं, भात वाळला. शेवटी दर्भाचाच कावळा करून शिववला. दर्भाचा माणूस, दर्भाचा कावळा, आणि त्यांच्या मध्ये उभा असलेला मी. त्या दिवशी रामकुंडावर यातलं खरं काय होतं, ते गोदामाईलाच माहीत.

बिल्ल्याला पाठ असते. पुढून सिंह छाती काढून उभा, आणि उलटा केला की नुसता सिंहाच्या आकाराचा खळगा, काळा पडलेला. पुढं जेवढा उठाव, मागं तेवढाच खड्डा. तुळसानं बिल्ले घासायचं सोडलं तेव्हा मी घासायला बसलो, आणि तेव्हा पहिल्यांदा माझ्या हे लक्षात आलं. इतकी वर्षं जमवत होतो, पण पाठ कधी बघितली नव्हती. टोपीवर असताना ती माणसाच्या कपाळाला लागून असते. बाहेरच्याला दिसायची सोयच नाही.

आमच्यात विधवेचा पाट लागतो. दिंडोरीचा एक बिजवर होता, घरचं बरं, माणूस सरळ. चैत्रात विचारणं आलं. तुळसा हो म्हणेना, नाही म्हणेना. एक दिवस अंगणात कुरडया घालता घालता तिनं मान वर न करता विचारलं,

"दादा, तो सायब नेमका काय म्हणाला रे?"

इतके दिवस तिनं विचारलं नव्हतं. देवानं दिलेली ती शेवटची संधी होती, आता कळतं. मी म्हणालो, "लय चांगला माणूस होता, म्हणाला."

"नाव घेतलं?"

"घेतलं."

"काय, राघू?"

"राघूच म्हणाला."

तिनं एक कुरडई घातली. अगदी गोल. "तरास झाला का त्यांना?"

"नाय. झोपेत गेला म्हणाला."

"बरं झालं," ती म्हणाली. "दिंडोरीला हो म्हणून कळव."

पारंब्यांची हजेरी, चालता चालता केलेली दाढी, दीडशे वर्षांची चाल. माझी गोष्ट कधी पानभर लांब नसली तर मला अपुरी वाटायची. आणि जिच्यावर माणसाचा जन्म उलटला ती चार शब्दांत संपली.

वैशाखात पाट लागला, गाजावाजा न करता. आषाढात शेजारचे करीमचाचा परतले. ते छावणीतले शिंपी. तरुणपणी पलटणींबरोबर रावळपिंडीपर्यंत जाऊन आलेले. सगळी थंडी आणि उन्हाळा ते मालेगावला लेकीकडं आजारी पडून होते. मी त्यांना स्टेशनावरची हकिगत सांगितली, हरणांपासून सुरुवात करून. ते ऐकता ऐकता थांबले.

"अरे गणपत, सगळं बघितलं तू. इंजनचा मूं किधर था, ते बघितलं का?"

मी आठवायला लागलो. इंजिन मनमाडच्या बाजूला होतं.

"मनमाडकडं?" चाचांनी सुई कापडात खोचून ठेवली. "मतलब गाडी मुंबईहून आली होती. आरं बाबा, एका बिल्ल्याच्या दोन पलटणी असतात. एक इथं, एक विलायतेत. ही विलायतेतली. काल जहाजातनं उतरलेली पोरं ती, त्यांना काय ठाऊक राघू कोण?"

म्हणून तो हसला होता. तीन आठवडे जहाजात ओकून आलेल्याला मी आता जहाज लागणार नाही असं सांगत होतो. चारशे चेहरे सोललेल्या कांद्यासारखे पांढरे होते, बूट कोरे करकरीत होते, आणि मी बघितल्या त्या टोप्या. नुसतं विचारलं असतं तर "आम्ही कालच आलो" एवढंच कळलं असतं. त्या एवढ्याशा उत्तरावर माझ्या बहिणीचं कुंकू राहिलं असतं.

पुढच्या माघात, सकाळच्या उन्हाला पाठ देऊन मी दुकानात वस्तरा घासत होतो. मागनं आवाज आला,

"काय मेव्हणं! लाडवावर हरीण मारलंत म्हणं?"

मिशीची टोकं थंडीनं ओली झाली होती. गळ्यात सुक्या अंजिरांची लांब माळ, पेशावरची. दाजी खुर्चीत बसले, पाय लांब केले आणि सांगायला लागले. त्यांची जुनी पलटण कराचीवरनं परस्पर जहाजात चढली आणि न्हावी नव्या पलटणीच्या हवाली झाला. नव्या पलटणीत लाल केसांचा एक पोऱ्या होता. बिल्ला हरवला म्हणून त्याला शिक्षा झाली होती. दाढी करून घेताना तो रोज रडगाणं गायचा, की नाशिकरोड नावाच्या ठेसनावर एका बडबड्या न्हाव्यानं दोन पिवळे गोळे देऊन त्याला गंडवलं.

"मी म्हटलं, हे आमचंच पाहुणं! आन गोळं तुळसाच्या हातचं. तो म्हणला वेलची होती. मला तिथं हसूच आवरंना. म्हटलं पत्र काय लिहायचं, सोता जाऊन हसवू तिला." दाजींनी इकडंतिकडं बघितलं. "कुठाय ती?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, आणि त्यात स्वतःच्या पदरचं काही घातलं नाही. माझ्या गोष्टीत माणसं मधेमधे "मग?" म्हणतात. दाजी एकदाही म्हणाले नाहीत. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं,

"कावळा शिवला का मला?"

"नाय शिवला."

"शहाणा कावळा," दाजी म्हणाले.

मी हरणाचा बिल्ला काढून त्यांच्यापुढं ठेवला. का ठेवला कोण जाणे. दुसरं काही ठेवण्यासारखं नव्हतं. त्यांनी तो उलटा केला, पाठीवरनं अंगठा फिरवला आणि खिशात टाकला. "त्या पोराला देतो परत. उगाच शिक्षा भोगतंय." म्हणजे ते परत तिकडंच जाणार होते, हे मला असं कळलं.

मग ते खुर्चीत मागं रेलले. "मिशी काढ."

"दाजी..."

"दिंडोरीवरनं जाईन म्हणतो. लांबनं बघीन. कुणी वळखायला नको, तिला तरास नको. काढ."

आपल्यात मिशी कधी काढतात ते न्हाव्याला कुणी सांगावं लागत नाही. घरचं मोठं माणूस गेलं की. मी पाणी ऊन केलं, फेस केला, आणि जिवंत माणसाचं सुतक त्याच्याच ओठावरनं उतरवलं. मिशी गेल्यावर ते अगदी पोरसवदा दिसायला लागले, तुळसाशी लग्न लागलं त्या दिवशी होते तसे. आरसा दिला तर बघितला नाही. माळ गळ्यात नीट केली आणि गेले. पुढं कुणी त्यांना कराचीला बघितल्याचं सांगायचं, कुणी क्वेट्ट्याला. त्यावर मी गोष्ट रचली नाही.

पुढच्या दोन भाऊबीजांना तुळसा आली नाही. पेरणी आहे, पोर लहान आहे, असे निरोप यायचे. तिसऱ्या भाऊबीजेला आली, अडीच वर्षांच्या लेकीला घेऊन. आईनं पाट मांडला, रांगोळी काढली. तुळसानं मला कुंकू लावलं, ओवाळलं. ताट खाली ठेवलं. आई पोरीला घेऊन चुलीकडं गेली तशी ती म्हणाली,

"एका माघात आमच्या दारात एक माणूस आला होता. पाणी मागितलं. मी तांब्या दिला. डोळं मिटून प्याला. ओट्यावर अंजिराची माळ ठेवली आन गेला."

मी हातातला लाडू ताटात ठेवला. "तू... ओळखलंस?"

"न्हाव्याची लेक मी. मिशी काढली म्हणून नवरा वळखायची नाय व्हय?"

"मग हाक का नाही मारलीस?"

"काय म्हणून मारू? पोटात हिचं सात महिनं होतं." ती ताटातली सुपारी नीट लावत होती. "आन दाढी कुणाच्या हातची ते पण वळखलं. उजव्या कल्ल्याखाली बोटभर खुंट सोडतोस तू. समद्यांचं सोडतोस. म्हणजे तुला ठाव होतं. तू त्यांना बघितलंस, बोललास, आन माझ्याकडं तसंच धाडलंस."

मी तोंड उघडलं.

"नको," तुळसा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "तू गप बसलास तवा मी बांगड्या फोडल्या. बोललास तवा पाट लावून घेतला. आता कायबी करू नको."

तिनं लेकीला हाक मारली. पोरगी हातातला लाडू सांभाळत दुडुदुडु आली. "चल गं, निघायचं. मामाला नमस्कार कर," तुळसा म्हणाली.

पोरीनं वाकून माझ्या पायांना डोकं लावलं. आशीर्वादाला निदान एक तरी शब्द लागतो. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो तसाच राहिला, तुळसानं तिला अलगद ओढून घेईपर्यंत.